नावामागचा माणूस : प्राचीन भारतातील गण, जमाती आणि त्यांच्या नावांचे अर्थ

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आजरा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आपण मला बोलावलेत, याबद्दल प्रथम विश्वस्त मंडळाचे मनःपूर्वक आभार मानतो. विषय मीच सुचवला. प्राचीन भारतातील निरनिराळे जनसमूह कोठून आले आणि त्यांच्या नावांचा अर्थ काय, हा तो विषय. पत्रिका छापण्यापूर्वी एका विश्वस्तांनी मला प्रेमाने विचारले, "सर, आपल्या संस्थेच्या कार्यक्रमात भिल्ल, निषाद, पुलिंद यांचे काय काम?" प्रश्न रास्त आहे. आजचे सारे व्याख्यान म्हणजे त्याच प्रश्नाला दिलेले उत्तर समजा.

सुरुवात मात्र आपल्या गावापासूनच करू. शके ११२७ मध्ये, म्हणजे इ. स. १२०५ मध्ये, सोमदेव नावाच्या मुनींनी 'शब्दार्णवचंद्रिका' हा व्याकरणग्रंथ पूर्ण केला. पूज्यपाद देवनंदी यांच्या जैनेंद्र व्याकरणाच्या 'शब्दार्णव' या पाठावरील ती टीका आहे. ग्रंथाच्या शेवटी मुनींनी स्थळकाळाची नोंद केली आहे. कोल्हापूर देशातील आजुरिका या महास्थानी, शिलाहार राजा गंडरादित्याने बांधविलेल्या त्रिभुवनतिलक जिनालयात, भोजदेवाच्या राज्यात हा ग्रंथ लिहिला, असे ते सांगतात. हा भोजदेव म्हणजे शिलाहारांचा दुसरा भोज. आजुरिका म्हणजे आपले आजरे, असे अभ्यासक मानतात. हिरण्यकेशीच्या काठी आठशे वर्षांपूर्वी एक साधू शब्द कसा बनतो आणि त्याला अर्थ कोठून येतो, याचा विचार करत बसले होते. तेव्हा या गावात नावांच्या अर्थाविषयी बोलताना मला परकेपणा वाटत नाही.

व्याकरणाचा उल्लेख झालाच आहे, तर एक सावधगिरीची गोष्ट आधी सांगून टाकतो. पंचाल लोक राहतात म्हणून त्या देशाचे नाव पंचाल. अशा नावांची फोड कशी करावी, याचे नियम पाणिनीने दिले. पण त्याच पाणिनीने एके ठिकाणी मोठा मार्मिक आक्षेप नोंदवला आहे. नाव चालते ते रूढीने, असे तो म्हणतो. व्युत्पत्ती हाच जर नावाचा आधार असता, तर ज्या कारणाने नाव पडले ते कारण नाहीसे होताच नावही नाहीसे व्हायला हवे होते. तसे घडत नाही. याची साक्ष या सभागृहातच आहे. ओसवाल हे नाव राजस्थानातील ओसियावरून आणि श्रीमाळी हे श्रीमाळ, म्हणजे आजच्या भीनमाळवरून आले. आज येथे बसलेल्या ओसवाल बंधूंपैकी ओसिया पाहिलेले किती निघतील? गाव मागे राहिले, नाव मात्र बरोबर आले. म्हणून नावाचा अर्थ सापडला की त्या लोकांचा इतिहास सापडला, असे समजू नये. नाव कोणी ठेवले, आणि ठेवताना त्याने काय पाहिले, एवढेच त्यातून कळते. कधी कधी तेही कळत नाही.

प्राचीन गणांची नावे पाहू लागलो की झाडे आणि प्राणी फार भेटतात. पंजाबच्या डोंगरपायथ्याशी औदुंबर नावाचा गण होता. त्याची नाणी सापडली आहेत, आणि नाव सरळ उंबरावरून आहे. शाक्यांच्या नावाची कथा पाली ग्रंथांत येते. हद्दपार झालेले राजपुत्र शाक वृक्षांच्या वनात राहिले म्हणून ते शाक्य. तेथेच दुसरा अर्थही दिला आहे, की पित्याने त्यांना 'समर्थ' म्हणून गौरवले म्हणून शाक्य. एकाच कथेत दोन व्युत्पत्ती! त्यांचे शेजारी कोलिय, त्यांचे नाव कोल वृक्षाशी जोडतात. मौर्यांचे नाव मोरावरून. चंद्रगुप्ताच्या आईचे घराणे मोर पाळणाऱ्यांच्या गावच्या प्रमुखाचे होते, अशी कथा हेमचंद्राचार्यांनी परिशिष्टपर्वात दिली आहे. श्रवणबेळगोळच्या चंद्रगिरीवर ज्या चंद्रगुप्त मुनींच्या स्मृतीला आपण वंदन करतो, त्यांचे मूळ आपल्याच एका आचार्यांनी मोरपाळांच्या वस्तीत दाखवले आहे, हे ध्यानात असू द्या. दक्षिणेत आले की कदंब आहेत. त्यांच्या घराजवळ कदंबाचे झाड होते म्हणून ते नाव पडले, असे तालगुंदच्या शिलालेखात सांगितले आहे. याच कदंबांनी हलशीच्या ताम्रपटांतून जिनमंदिरांना दाने दिली.

आपल्याकडे लग्नात देवक ठेवतात. कोणाच्या घरी कळंब, कोणाच्या घरी उंबर, मोरे घराण्यांत मोराचे पीस. त्या झाडाला इजा करायची नाही, हा पूर्वीचा दंडक. म्हणून आजचे मोरे हे मौर्यांचे वंशज आणि कदम हे कदंबांचे, असे ठामपणे सांगणारे लोक मला भेटतात. नामसाम्य हा पुरावा नव्हे, एवढेच मी त्यांना सांगतो. पण झाडाला किंवा पक्ष्याला कुळाचा सोबती मानण्याची जी रीत त्या जुन्या नावांत दिसते, ती आपल्या मांडवापर्यंत पोहोचली आहे. हे पाहायला मात्र पुराव्याची गरज नाही.

आता भगवान महावीरांच्या कुळाकडे वळू. पाली ग्रंथ त्यांना निगंठ नातपुत्त म्हणतात आणि अर्धमागधी आगम नायपुत्त म्हणतात. हे 'नाय' म्हणजे काय? संस्कृतात कोणी ज्ञात केले, कोणी ज्ञातृ केले. आपल्या दिगंबर परंपरेत नाथवंश असा उल्लेख येतो. प्राकृतात मधले व्यंजन गळते, त्यामुळे 'नाग' या शब्दाचेही 'नाय' होऊ शकते, आणि काही अभ्यासकांनी तो अर्थही सुचवला आहे. राहुल सांकृत्यायनांनी बिहारमधील जथरिया भूमिहारांशी ज्ञातृ कुळाचा संबंध जोडला होता. एक दोन अक्षरी प्राकृत शब्द, आणि त्याची चार-पाच संस्कृत रूपे! प्रत्येक जण आपल्या आवडीचे रूप निवडतो. ज्यांच्या चरणी आपण रोज मस्तक ठेवतो, त्यांच्या कुळाच्या नावाचा अर्थसुद्धा एकमताने लागत नाही. मग दुसऱ्या कोणाच्या नावावरून त्याची पायरी ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोठून मिळाला?

लिच्छवींची गोष्ट तर याहून रंजक आहे. वैशालीच्या वज्जी संघातील हे प्रमुख कुळ. चेटकराजा त्यांचाच. त्रिशलामाता श्वेतांबर परंपरेप्रमाणे चेटकाची बहीण आणि दिगंबर परंपरेप्रमाणे कन्या, माहेर एकच. महावीरांच्या निर्वाणाच्या रात्री नऊ मल्ल आणि नऊ लिच्छवी गणराजांनी दीप लावले, ही कल्पसूत्रातील हकिकत आपणा सर्वांना ठाऊक आहे. या लिच्छवींच्या नावाचा अर्थ बौद्ध टीकाकाराने असा सांगितला: काशीच्या राणीला मांसाचा गोळा झाला, तो गंगेत सोडला, एका तपस्व्याला तो सापडला आणि त्यातून दोन मुले झाली. त्यांच्या पोटात गेलेले दूध रत्नपात्रातल्यासारखे बाहेरून दिसे. जणू त्यांना कातडीच, म्हणजे छवीच, नव्हती. म्हणून निच्छवी, किंवा कातडी घट्ट जडलेली म्हणून लीनच्छवी. पुढे ही मुले गुराख्यांच्या मुलांना त्रास देऊ लागली, तेव्हा आईबापांनी सांगितले, यांना वर्ज्य करा. म्हणून त्यांचा देश वज्जी! मनुस्मृतीने लिच्छवी आणि मल्ल यांना व्रात्य क्षत्रियांत, म्हणजे संस्कारभ्रष्टांत, बसवले. आणि आपल्या टीकाकारांनी काय केले? सूत्रकृतांगातील 'लेच्छई' या शब्दाचा अर्थ काही टीकाकारांनी लिप्सुक, म्हणजे लाभाची इच्छा धरणारे व्यापारी, असा लावला आहे. (सभागृहातील व्यापारी बंधूंनी राग मानू नये.)

तीन लेखक आणि तीन अर्थ. बौद्ध भिक्षूला त्यात चमत्कार दिसला, स्मृतिकाराला भ्रष्टता दिसली आणि ज्यांच्या अवतीभवती व्यापारी श्रावक होते त्या टीकाकाराला वाणी दिसला. लिच्छवी स्वतः आपल्या नावाचा काय अर्थ करत होते, हे सांगायला लिच्छवींपैकी कोणीही लेखणी धरलेली नाही. माझ्या मते या विषयातली मुख्य अडचण हीच आहे. जुन्या ग्रंथांत ज्यांची नावे आहेत त्यांतील बहुतेकांची नावे दुसऱ्यांनी लिहिलेली आहेत.

निषादांचेच पाहा. वेन राजाची मांडी घुसळली, त्यातून एक ठेंगणा काळा पुरुष निघाला, त्याला ऋषींनी 'खाली बैस' म्हटले, म्हणून तो निषाद, अशी कथा पुराणांत येते. मूळ शब्दाची फोड 'बसणे' या धातूने होते, आणि कथा त्या फोडीभोवती रचलेली आहे. ऐतरेय ब्राह्मणात आंध्र, पुंड्र, शबर, पुलिंद आणि मूतिब ही नावे विश्वामित्राच्या शापित पुत्रांची संतती म्हणून येतात. म्हणजे शेजारी राहणारे, वेगळी भाषा बोलणारे लोक दिसले, की त्यांचे मूळ एखाद्या शापात किंवा पापात शोधायचे. पण यातील आंध्रांनी पुढे काय केले? पुराणे ज्यांना आंध्र म्हणतात त्या सातवाहनांनी पैठणहून राज्य केले. शापाच्या कथेने त्यांचे काही अडले नाही.

आता आपल्या भूमीत या. गोदावरीच्या काठी अश्मक होते. पाणिनीला ते ठाऊक आहेत. अश्म म्हणजे दगड. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या देशाला हे नाव शोभते. पण पालीत त्याचे 'अस्सक' झाले, आणि 'अस्स' म्हणजे घोडाही होतो, म्हणून काहींनी घोडेवाल्यांचा देश असाही अर्थ काढला. या अश्मकांची राजधानी पोतन किंवा पोदन. तेलंगणातील बोधन ते हेच, असे मानतात, आणि बाहुबलींचे पौदनपूरही तेच असे सांगतात. कुंभोजच्या बाहुबलींच्या दर्शनाला आपण जातो तेव्हा या जुन्या गोदाकाठच्या लोकांची आठवण क्वचितच होत असेल. अशोकाच्या लेखांत रठिक, पेतनिक, भोज, पुलिंद ही नावे येतात. नाणेघाट, कार्ले आणि भाजे येथील लेखांत महारठी येतात, तर कुड्याच्या लेण्यांत महाभोज. महाराष्ट्र या नावाच्या मुळाशी हे रठी असावेत, हे मत बऱ्याच विद्वानांना मान्य आहे. सौंदत्तीच्या रट्टांचे नावही याच घराण्यातले दिसते. त्या रट्टांच्या मंत्र्याने, बीचिराजाने, बेळगावची कमलबस्ती १२०४ मध्ये उभी केली, म्हणजे आजऱ्यात सोमदेवांचा ग्रंथ पुरा होण्याच्या आदल्याच वर्षी.

येथवर सर्वांना बरे वाटले असेल. आता थोडे अवघड बोलतो.

आगमग्रंथांत मनुष्यांचे आर्य आणि म्लेच्छ असे भेद करून म्लेच्छांच्या याद्या दिल्या आहेत. प्रज्ञापना आणि प्रश्नव्याकरण या ग्रंथांत त्या आहेत. दिगंबर बंधू म्हणतील, ते आमचे आगम नव्हेत. मान्य. पण तत्त्वार्थसूत्रातही हा भेद आहे, आणि त्यावरील सर्वार्थसिद्धी टीकेत पूज्यपादांनी कर्मभूमीतील म्लेच्छ म्हणून शक, यवन, शबर, पुलिंद इत्यादी नावे दिली आहेत. हे तेच पूज्यपाद, ज्यांच्या व्याकरणावर आजऱ्यात टीका लिहिली गेली. प्रश्नव्याकरणाची यादी लांबलचक आहे. तीत शबर, बर्बर, पुलिंद, डोंब, हूण आहेत, चीन आणि अरबही आहेत. ती वाचत जाता जाता 'कोंकणग' हा शब्द येतो. आणखी थोडे पुढे गेले की येतो 'मरहट्ठ'.

होय, मरहट्ठ म्हणजे मराठे, अर्थात महाराष्ट्राचे लोक. आपण.

विद्यार्थिदशेत हा शब्द मी प्रथम वाचला तेव्हा मुद्रणदोष असेल असे मला वाटले होते. पण त्यामागची दृष्टी पाहिली की उलगडा होतो. साडेपंचवीस आर्यदेशांची जी यादी आहे ती गंगेच्या खोऱ्याभोवतीची आहे. साधूंनी विहार कोठपर्यंत करावा, याची जुनी मर्यादा पूर्वेला अंग-मगध, दक्षिणेला कौशांबी, पश्चिमेला स्थूणा आणि उत्तरेला कुणाला अशी होती. दक्षिणेची हद्द कौशांबी, म्हणजे आजच्या प्रयागराजच्या जवळपास! त्या हद्दीवरून पाहणाऱ्याला नर्मदेपलीकडचे आपण सारे अनोळखीच होतो. आपली भाषा त्याला कळत नव्हती, भिक्षेचे आचार येथील लोकांना ठाऊक नव्हते. पुढे बृहत्कल्पभाष्यात उल्लेख येतो, की संप्रती राजाने आंध्र, द्रविड, महाराष्ट्र आणि कुडुक्क हे देश साधूंच्या विहाराला योग्य केले. म्हणजे आपण यादीतून बाहेर पडलो. आपले रक्त बदलले नव्हते, डोंगर बदलले नव्हते, बोली बदलली नव्हती. साधूला भात कसा वाढायचा, हे आपण शिकलो, एवढेच घडले. उद्द्योतनसूरींनी ७७९ मध्ये कुवलयमाला लिहिली, तोवर मरहट्ठ हा बाजारात आपल्या बोलीत व्यवहार करणारा, इतर देशींच्या रांगेतला एक माणूस झाला होता.

म्लेच्छ या शब्दाचा मूळ अर्थच 'अस्पष्ट बोलणारा' असा आहे. बोलणाऱ्यापेक्षा तो ऐकणाऱ्याच्या कानाविषयी अधिक सांगतो, असे माझे मत आहे.

आता भिल्लांकडे येऊ, कारण विश्वस्तांचा मूळ प्रश्न त्यांच्याविषयी होता. भिल्ल या शब्दाची फोड या सीमाभागात कोणालाही करता येईल. कानडीत धनुष्याला 'बिल्लु' म्हणतात आणि तमिळमध्ये 'विल्'. धनुष्य धारण करणारा तो भिल्ल, असा अर्थ बहुतेक विद्वान सांगतात. आणि गुणभद्राचार्यांच्या उत्तरपुराणात महावीरांच्या भवावळीची सुरुवात कोणापासून होते? पुरुरवा नावाच्या भिल्लराजापासून. मधुक वनात तो शिकारीला निघाला. वाट चुकलेल्या सागरसेन मुनींना हरीण समजून त्याने बाण जोडला. त्याची पत्नी कालिका हिने हात धरला आणि म्हणाली, हे वनदेवता आहेत, मारू नका. तो मुनींजवळ गेला आणि मद्य, मांस व मध सोडण्याचे व्रत त्याने घेतले. श्वेतांबर परंपरेत हीच जागा नयसार या गावप्रमुखाला आहे. दोन्ही परंपरांत पहिला प्रकाश रानातच पडतो.

दुसरी कथा श्रेणिक राजाची. पूर्वभवात तो विंध्यातील एक किरात होता. त्याचे नाव खदिरसार. समाधिगुप्त मुनींनी त्याला काय सोडशील असे विचारले. सगळे मांस सोडणे जमणार नाही, म्हणून त्याने फक्त कावळ्याचे मांस सोडले. पुढे आजारात वैद्याने नेमके तेच सांगितले, तेव्हा त्याने प्राण पणाला लावले पण व्रत मोडले नाही. ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्याच्या नावाकडे कोणी पाहत नाही. खदिर म्हणजे खैर, आणि खैराचा सार म्हणजे कात. आपल्या कोकणातील आणि सह्याद्रीतील कातकरी बांधवांचे नाव नेमके यावरूनच पडले आहे, खैर शिजवून कात काढणारे ते कातकरी. खदिरसार कातकरी होता असे मी म्हणत नाही. पण पुराणकाराने वनवासी माणसाला नाव देताना खैराचे झाड आठवले, आणि शतकानुशतके आपल्या पानाला रंग देणाऱ्या लोकांना आपणही त्याच झाडाने ओळखतो, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गुणभद्रांचे गुरू जिनसेनाचार्य यांनी आदिपुराणात मनुष्यजाती एकच आहे आणि उपजीविकेच्या भेदाने तिचे चार भाग झाले, असे स्पष्ट म्हटले आहे. गुरूंनी सिद्धांत सांगितला आणि शिष्याने भिल्लाची कथा लिहिली. दोघांचा ग्रंथ मिळून एकच महापुराण आहे.

मग हे लोक स्वतःला काय म्हणतात? येथे भाषाशास्त्राने फार मोलाची माहिती दिली आहे. मेळघाटातील कोरकूंच्या भाषेत 'कोरो' म्हणजे माणूस, आणि 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे माणसे. छोटा नागपूरचे मुंडा स्वतःला 'होरो' म्हणतात, त्याचाही अर्थ माणूस. शेजारच्या 'हो' लोकांचे नावही त्याच अर्थाचे. निलगिरीतील तोडांचा 'ओळ्' हा शब्दही तसाच. गोंड हे नाव दुसऱ्यांनी दिलेले आहे. तेलुगूत डोंगराला 'कोंड' म्हणतात त्यावरून ते आले असावे, असे एक मत आहे. गोंड स्वतःला कोइतूर म्हणवतात. बाहेरच्याने पाहिले तेव्हा त्याला धनुष्य दिसले, डोंगर दिसला, कात दिसला. आत विचारले तर उत्तर आले, आम्ही माणसे.

आता माझ्या आयुष्यातली एक गोष्ट. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी मी सीमाभागातील एका गावी शिक्षक होतो. सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. गृहपाठ कधी करायचा नाही, मारले तरी डोळ्यांत पाणी नाही. एक दिवस मी चिडून सगळ्या वर्गासमोर म्हणालो, "काय बेरड आहे हा!" मराठीत बेरड म्हणजे निर्लज्ज, निगरगट्ट. शब्दकोशातही तो अर्थ आहे. तो मुलगा उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "सर, आमी बेरडच हाय की."

वर्ग हसला. मला काय बोलावे सुचेना. त्या दिवशी घरी जाऊन मी कानडीचा कोश काढला. 'बेड' म्हणजे शिकारी. तमिळमध्ये तोच शब्द 'वेडन' असा आहे. त्या शब्दात निर्लज्जपणाचा लवलेशही नाही. पुढे इतिहास वाचला. औरंगजेबाने आपल्या आयुष्यातली शेवटची मोठी मोहीम १७०५ मध्ये वाकिणखेड्याच्या पिड्या नायकाविरुद्ध काढली. तो बेरडांचा नायक. १८५७ मध्ये इंग्रजांनी शस्त्रे जमा करा असे फर्मावले तेव्हा मुधोळजवळच्या हलगलीच्या बेरडांनी ती दिली नाहीत आणि प्राण दिले. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्या कायद्याने आणि त्यामागच्या दृष्टीने कित्येक जमातींतील माणसे जन्मतःच संशयित ठरली. हजेरी लावल्याशिवाय गाव सोडता येईना. छत्रपती शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात महार, मांग, रामोशी आणि बेरड यांची हजेरी बंद केली. देशभरात तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. कायदा गेला, पण शब्दकोशातली शिवी राहिली, आणि मी शिकलेला माणूस ती वर्गात वापरत होतो. भीमराव गस्ती यांनी आपल्या आत्मकथनाला 'बेरड' हेच नाव दिले. ते पुस्तक वाचताना मला माझा तो वर्ग आठवत राहिला. आजही हे लोक महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहेत आणि कर्नाटकात अनुसूचित जमातींच्या. आपल्यापासून तासाभरावर एक रेघ आहे. ती ओलांडली की त्याच माणसाचा रकाना बदलतो.

कानडी शब्दांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. कानडीत 'दन' म्हणजे गुरे. धनगर हे नाव काही जण त्याच्याशी जोडतात, काही जण संस्कृत 'धन' शब्दाशी. आपल्या तालुक्यातील धनगरवाड्यांवर जाऊन तेथील वृद्धांना ते काय सांगतात हे विचारणे, दोन्ही पंडितांचे वाद वाचण्यापेक्षा मला अधिक आवडेल.

शेवटी स्वतःकडे पाहू. आपल्यात कासार आहेत. ते कांस्यकार, नाव धंद्यावरून आणि अर्थ स्वच्छ. पण चतुर्थ आणि पंचम? चतुर्थांचा मठ नांदणीला, पंचमांचा कोल्हापूरला लक्ष्मीसेन मठ, हे सर्व जण जाणतात. नावाचा अर्थ विचारला की मात्र घराघरांत वेगळे उत्तर मिळते. एक मत असे आहे की पंचम म्हणजे चार वर्णांच्या बाहेरचे पाचवे. वैदिकांनी जैनांना दिलेले हे नाव. हे मत सर्वांना मान्य नाही, आणि मीही ते सिद्ध झाले असे म्हणत नाही. पण यास्काच्या निरुक्तात वेदातील 'पंचजन' या शब्दावर चर्चा आहे. तेथे औपमन्यव नावाच्या आचार्याचे मत दिले आहे, की चार वर्ण आणि पाचवा निषाद मिळून पंचजन होतात. म्हणजे पाचवा हा शब्द एके काळी निषादासाठी वापरला गेला होता. आपल्या नावाचा तो अर्थ खरा असेल तर आपण आणि निषाद एकाच रांगेत बसवले गेलो होतो, आणि तो खरा नसेल तरी आपल्याविषयी कोणाला तसे वाटू शकले, एवढे उरतेच. विश्वस्तमहोदय, भिल्ल-निषादांचे आपल्या कार्यक्रमात काय काम, याचे माझे उत्तर हे आहे.

एक छोटी विनंती करून थांबतो. संस्थेचे वाचनालय आहे, उत्साही विद्यार्थी आहेत. या वर्षी त्यांनी एक वही घालावी आणि आजरा, गडहिंग्लज, चंदगड भागातील वाड्यावस्त्यांवर जाऊन लोकांची नावे, कुळांची देवके, शेतांची व ओढ्यांची नावे आणि त्यांचे अर्थ लोकांच्याच तोंडून लिहून घ्यावेत. पुस्तकातला अर्थ नंतर पाहू. प्रत्येक नोंदीपुढे सांगणाराचे वय आणि गाव लिहावे. अशी एक वही मी बरोबर आणली आहे, ती संस्थेला देतो. पहिली नोंद मीच केली आहे: बेरड, कानडी बेड, अर्थ शिकारी. सांगणारा, इयत्ता सातवीतला एक विद्यार्थी, वय सुमारे तेरा.

जय जिनेंद्र.